एका दिवसाचे भागधारक

कंपन्यांच्या निकालांचा मोसम आला की व्हॉट्सॲपवर याद्या फिरू लागतात. अमुक कंपनी, एवढा डिव्हिडंड, तमुक तारखेच्या आत घेऊन टाका! आणि मंडळी घेतात. आदल्या दिवशी शेअर घ्यायचा, डिव्हिडंड आपल्या नावावर लावून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी शेअर फुंकून मोकळं व्हायचं. एवढं सोपं असतं तर दलाल स्ट्रीटवाल्यांनी ते तुमच्यासाठी शिल्लक ठेवलं असतं होय?

अहो, डिव्हिडंड निघतो कंपनीच्या तिजोरीतून आणि त्या तिजोरीचे वाटेकरी तुम्हीच. पैसे बाहेर गेले, म्हणून एक्स-डेटला (त्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो डिव्हिडंड मिळत नाही) भावही साधारण तेवढाच उतरतो. पाचशेच्या शेअरमधले पाच रुपये दिवसभराच्या चढउतारात कुणाला दिसत नाहीत. फुकट मिळाल्याचा आनंद तेवढा शाबूत राहतो.

नवी मुंबईच्या मॅजेस्कोच्या बाबतीत मात्र ते आंधळ्यालाही दिसलं. अमेरिकेतला धंदा विकून आलेला पैसा वाटायला कंपनीनं डिसेंबर २०२० मध्ये शेअरमागे ९७४ रुपये डिव्हिडंड जाहीर केला. दर्शनी मूल्य ५ रुपये, म्हणजे चक्क १९,४८० टक्के! (या टक्केवारीचा बाजारभावाशी काडीचा संबंध नसतो, पण मथळा झकास होतो.) आदल्या दिवशी ९८५ रुपयांच्या आसपास असलेला शेअर एक्स-डेटला १२ रुपयांच्या घरात आला.

आता आपल्या यादीबहाद्दराचा हिशेब मांडा. ९८५ ला घेतला, १२ ला विकला, डिव्हिडंड ९७४. वर सुटला एक रुपया. पण एप्रिल २०२० पासून डिव्हिडंड भागधारकाच्या उत्पन्नात धरला जातो. गृहस्थ तीस टक्क्यांच्या टप्प्यातला असेल तर २९२ रुपये कर, सेस वेगळा. मग शेअरमध्ये बसलेला ९७३ रुपयांचा फटका? तो भांडवली तोटा, डिव्हिडंडमधून वजा होत नाही. पुढे कधी भांडवली नफा झाला तर त्यातून वळता करा, तोवर जपून ठेवा.

वर्षानुवर्षं शेअर धरून बसलेल्या निवृत्त माणसाबद्दल माझी तक्रार नाही. त्याला घरखर्चाला पैसे लागतात. पण दर डिव्हिडंडला ‘कंपनी किती दिलदार!’ म्हणणाऱ्यांनी धातूंच्या धंद्यातल्या वेदांताचं २०२२-२३ हे वर्ष बघावं. पाच वेळा मिळून शेअरमागे १०१.५० रुपये वाटले. जवळपास ७० टक्के शेअर प्रवर्तकांकडे आणि लंडनच्या मूळ कंपनीच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर. पंगत त्यांच्यासाठीच मांडलेली, शेजारच्या पानावर वाढणं नियमानं भागच होतं. वर्षाच्या सुरुवातीला चारशेच्या आसपास असलेला शेअर वर्षअखेरीस पावणेतीनशेच्या घरात होता. त्यात धातूंच्या उतरलेल्या भावांचा हात होता, हे कबूल. पण वाटून टाकलेले १०१ रुपये त्या भावात कुठून दिसणार?