खऱ्या नावाची शिस्त

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’वाल्या ब्लिझर्ड कंपनीने जुलै 2010 मध्ये टवाळखोरांवर जालीम उपाय काढला: या ऑनलाइन खेळाच्या अधिकृत चर्चामंचावर बोलायचं तर खऱ्या नावानिशी. नाव उघडं झालं की माणूस सभ्य होतो, असा हिशेब. भरवसा बसावा म्हणून एका कर्मचाऱ्याने स्वतःचं नाव जाहीर केलं. खेळाडूंनी लगोलग त्याचा फोन नंबर आणि पत्ता हुडकला. (पोलिसांनी शिकवणी लावावी अशी तत्परता!) ‘मनात पाप नाही त्याने लपावं कशाला?’ हा सवाल यावर येतोच. पण पत्ता लागतो तो निष्पापाचाच, आणि तो लागतो हरल्याने पिसाळलेल्या अनोळखी माणसाच्या हाती. शिवाय फेसबुकवर खऱ्या नावाने, फोटोसकट शिव्या देणारे पैशाला पासरी आहेत. 9 जुलैला, घोषणेनंतर तिसऱ्याच दिवशी, कंपनीने बेत गुंडाळला.