रांगा चिकटवा, ऊन पुरेसं आहे

सोलापूरकडच्या माळावर सौर प्रकल्प उभारायचा आणि पॅनेलच्या दोन रांगांमध्ये रान मोकळं सोडायचं, ही उधळपट्टी पाहवत नाही. भाडं एकरावर भरायचं आणि पट्ट्याच्या पट्ट्या सावलीला आंदण द्यायच्या! रांगा दाटीनं बसवणाऱ्या मंडळींचं म्हणूनच कौतुक करायला हवं.

त्यांची पाहणी मे महिन्यात होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी टेप लावला, सावली मोजली, शून्य भरली. याहून शास्त्रीय पुरावा कोणता? एखादा पुस्तकी इंजिनीअर २१ डिसेंबरचं तुणतुणं लावतो. त्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास सूर्य जेमतेम ३० अंश वर असतो. पॅनेलची मागची कड पुढच्या कडेहून १.५ मीटर उंच असेल, तर मागे साधारण १.७५ मीटर जागा सोडावी लागते. पण डिसेंबर लांब असतो, उद्घाटन जवळ.

पुढं थंडीत सकाळ-संध्याकाळ मागच्या रांगेच्या तळाशी वीतभर सावली चढते. सेल एकसरीत जोडलेले, त्यामुळं एकाचा प्रवाह अडला की सगळे त्याच्यासाठी थांबतात. अडलेला भाग बायपास डायोड वगळतो खरा. पण जुन्या पद्धतीचं पॅनेल उभं लावलं असेल, तर तळाची एकच ओळ झाकली तरी त्याचे तिन्ही भाग बसतात. असा एकोपा आमच्या सोसायटीतही नाही. हाफ-कट पॅनेल तेवढं फितूर, त्याचा वरचा अर्धा भाग कामाला लागतो.

शिवाय रांगांमधून माणूस जात नाही, म्हणजे धूळ धुवायची नाही. दुष्काळी भागात पाण्याची केवढी बचत! पाहुण्यांना दक्षिणेकडची पहिली रांग दाखवावी, तिला कुणाचीच आडकाठी नसते. फाटकावरच्या फलकावर मेगावॅट लिहितात. पैसे युनिटवर मिळतात, पण ती हिशेबनिसाची डोकेदुखी.

आता कुणी म्हणतं, एकाआड एक रांग काढा. अहो, मागची रांग उंच करा की! तिची सावली तिसरीवर पडेल, तर तिसरी आणखी उंच. शेवटच्या रांगेसाठी विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला तेवढा आधी काढून ठेवावा.