एका गतिरोधकाच्या अज्ञात जनकास

रा. रा. गतिरोधककर्ते, मौजे अमुक, तालुके वाई, जिल्हे सातारा, यांस
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपला माझा परिचय नाही. तथापि आपल्या कृतीचा आणि माझ्या उजव्या कोपराचा, त्याच बाजूच्या गुडघ्याचा व सायकलीच्या पुढच्या चाकाचा परिचय गेल्या रविवारी सकाळी इतक्या निकट स्वरूपात घडून आला, की त्याची पोच न देणे हा कृतघ्नपणा झाला असता. आपल्या गावाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. आपली कीर्ती एका गावाच्या शिवेत कोंडून ठेवणे योग्य नव्हे, आणि ज्याच्या वेशीवर आपल्या संप्रदायाचा एखादा तरी अनुयायी कार्यमग्न नाही असे गाव आज महाराष्ट्रात शोधूनच काढावे लागेल.

वाईहून कृष्णेच्या काठाने मेणवली, धोम करीत धरणाच्या कडेने आत शिरणारा रस्ता आम्हां सायकलस्वारांना किती प्रिय आहे याची आपणांस कल्पना नसावी. असती तर आपण जागेची निवड इतकी अचूक केली नसती. एका अंगाला पाचगणीच्या पठाराची सपाट कड, दुसऱ्या अंगाला पांडवगड, पुढे कमळगडाचा माथा, आणि मधल्या खोऱ्यात ऊस व हळद. हा रस्ता पसरणीच्या घाटासारखा एकसारखा चढत नाही, की भुईंजकडच्या महामार्गासारखा एकसारखा कंटाळवाणाही नाही. प्रत्येक ओढ्यापाशी तो खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा वर येतो. उताराने जो वेग फुकट पदरात टाकला तो समोरच्या चढावर खर्ची घालायचा आणि उरलेल्या चार हातांपुरते पाय मारायचे, ही येथील सारी जमाखर्चाची रीत. उताराच्या तळाशी वेग मोडला, की पुढला अख्खा चढ मांड्यांच्या नावे खर्ची पडतो. आपण आपली निर्मिती नेमकी त्या तळाशी, वळण संपताच, वडाच्या दाट सावलीत स्थापन केलीत. डांबरावर डांबर, सावलीत सावली. वर रंगाचे बोटही नाही, आणि अलीकडे फलक नाही. उंची वीतभर, रुंदी हातभर, आणि कडा अशा की बांधाला लाज वाटावी.

माझ्या सायकलीचा टायर २८ मिलिमीटर रुंदीचा. तो त्या कडेवर आदळला तेव्हा आतली ट्यूब टायर आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाऊन तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडली. सर्पाच्या दोन दातांसारखी ही खूण पाहून आमच्यातले लोक त्या पंक्चरला ‘स्नेक बाइट’ म्हणतात. रिम वाकली, आणि मी हँडलावरून पुढे जाऊन आपल्या गावच्या भूमीस साष्टांग प्रणिपात केला. वर मायन्यात लिहिलेला नमस्कार केवळ रिवाज म्हणून लिहिलेला नाही, याची नोंद घ्यावी.

इंडियन रोड्स काँग्रेस नावाची, रस्ते कसे बांधावेत याचे दंडक घालून देणारी संस्था या देशात १९३४ पासून आहे, आणि गतिरोधक कसा असावा हेही तिने १९८८ साली छापून ठेवले आहे: १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची पाठ, रुंदी ३.७ मीटर, मध्यावरची उंची १० सेंटिमीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने येणारे वाहन हलकेच वर चढून हलकेच उतरावे. शिवाय ४० मीटर अलीकडे सूचनाफलक आणि पृष्ठभागावर ठळक पट्टे. आपली कृती या मापांशी ताडून पाहण्याचा उद्धटपणा मी करीत नाही. पण ज्या मेणवलीत नाना फडणविसांनी वाडा बांधला, आणि ज्यांचे दफ्तर चाळून इतिहासकारांना पेशवाईच्या उत्तरार्धाचा बारीकसारीक तपशील हाती लागला, त्या मेणवलीच्या हाकेच्या अंतरावर असे एक बांधकाम उभे राहावे की ज्याचा मंजुरीचा हुकूम, खर्चाचा आकार, बांधणाऱ्याचे नाव, यांपैकी काहीही कोणत्याही दफ्तरी सापडू नये, हे पाहून नानांच्या आत्म्यास काय वाटत असेल?

वाटेवरच्या इतर गोष्टींबद्दल माझी हरकत नाही. कुत्र्यांनी धोतराच्या अभावी पोटरी धरावी, मोटारवाल्यांनी कानाशी येऊन हॉर्न वाजवावा, चहाच्या टपरीवर ‘केवढ्याला पडली हो सायकल?’ असे विचारून किंमत ऐकताच माझ्याकडे दयेने पाहावे, हे सर्व मी रस्त्याचा सरकारी सारा म्हणून भरीत आलो आहे.

हरकत आहे ती आपल्या न्यायदानाबद्दल. आपल्या या कचेरीत जो जितका निरुपद्रवी, त्याला तितकी जबर शिक्षा होते. एस्‌टीच्या मागच्या बाकावर बसून वाईच्या बाजाराला निघालेल्या म्हातारीचे डोके छताला लागते. किटल्या अडकवून पहाटे निघालेल्या दूधवाल्याचे लिटर-दोन लिटर दूध डांबराला पाजले जाते. दिवस भरलेली बाई रिक्षातून दवाखान्यात जाते तेव्हा तिला काय भोगावे लागते ते तिचे तिलाच ठाऊक. आणि ज्याच्यासाठी हा सारा बंदोबस्त, तो शनिवार-रविवारचा प्रवासी? त्याच्या गाडीची चाके माझ्या कमरेला लागतात, खाली लांबलचक स्प्रिंगा, आत गाणी. तो आपला गतिरोधक ‘धप्प’ असा एक आवाज करून ओलांडतो आणि त्याच वेगाने पुढे निघून जातो. मी खरचटलेला कोपर धरून बसलो असता अशा तीन गाड्या माझ्या देखत गेल्या. एकाचाही पाय ब्रेककडे गेला नाही.

अहो, याने माणसे मरतात! केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०१५ या एका वर्षात देशभरात गतिरोधकांवरच्या अपघातांत तीन हजारांहून अधिक लोक मेले. रक्षणासाठी केलेल्या वस्तूने एवढे बळी घ्यावेत आणि तिच्या कर्त्याला कोणी नावही विचारू नये? मी त्या रस्त्याकडेला बसून आपणांस जे शब्द योजले ते येथे लिहिण्याजोगे नाहीत.

ते शब्द संपायच्या आत समोरच्या घरातून एक आजी पाण्याचा तांब्या आणि चिमूटभर हळद घेऊन आल्या. माझ्या कोपरावर हळद दाबता दाबता त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी बराच वेळ गप्प राहिलो. मे महिन्यात, अशाच एका रविवारी, याच वळणावर एका मोटारीने त्यांच्या शेजारच्या मुलीला उडवले. गाडी थांबली नाही. पोरीचा पाय अजून सरळ होत नाही. गावाने कचेरीत अर्ज केला, पुन्हा केला. ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ असे उत्तर आले आणि मग उत्तर येणेही थांबले. तेव्हा गावातल्या पोरांनी रस्त्याच्या डागडुजीतून उरलेले डांबर आणि खडी जमवून एका रात्रीत हा उंचवटा घातला.

म्हणजे ‘आपण’ कोणी मुरब्बी कंत्राटदार नव्हे. तुम्ही ती पोरे. तेव्हा ‘रा. रा.’ आता पुरे. तुमच्या हाताशी मोजमापाची पट्टी नव्हती, लाल फितीतला नकाशा नव्हता, होता तो फक्त संताप, आणि तो तुम्ही जसाच्या तसा रस्त्यावर ओतलात. माझा दावा तुमच्यावर नाही; ज्याने पोरीला टाकून गाडी दामटली त्याच्यावर, आणि ज्याने तुमचा अर्ज फायलीत दाबून ठेवून या रस्त्याच्या रक्षणाचे काम अठरा-वीस वर्षांच्या मुलांवर सोपवले त्या अंमलदारावर आहे. पण बाबांनो, तुमचा हा संताप त्या दोघांनाही लागत नाही. लागतो तो दूधवाल्याला, म्हातारीला आणि उद्या कदाचित त्याच पोरीच्या भावाला, ज्याचा रात्री सायकलवरून परत येताना तुमच्या उंचवट्याचा अंदाज चुकेल.

तेव्हा विनंती एवढीच: दोन्ही अंगांना खडी-डांबर भरून त्या कडा लांब उतरत्या करा, वर पांढरे पट्टे ओढा, आणि वळणाच्या अलीकडे एक पाटी रोवा. रंगाचे व पाटीचे पैसे मी देतो. आजींकडे माझा पत्ता ठेवला आहे. कचेरीकडे नवा अर्ज करा, त्यावर माझीही सही घ्या. मात्र रंगाचे काम अर्जासाठी खोळंबून ठेवू नका. साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या अंधारात, मागे दिवा नसताना, याच रस्त्याने धावू लागतील. त्याच्या आत हे उरका.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक सायकलस्वार