आकडे जोशींचे, भाषण गोखल्यांचं

इंजिनिअर झालेल्या मुलाला एमपीएससीच्या वाटेला जायचं नसतं, कोडिंगचा कंटाळा आलेला असतो आणि एमबीएचं कर्ज बापाला झेपणारं नसतं. अशांसाठी गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक नवी वाट निघाली आहे: धोरण विश्लेषक. काम भारदस्त, नाव त्याहून भारदस्त. लग्नाच्या बायोडेटात ‘पब्लिक पॉलिसी’ लिहिलं की मुलीकडचे पुढचा प्रश्न विचारत नाहीत. काय विचारावं हेच त्यांना सुचत नाही.

महाराष्ट्रात या वाटेवरचा सर्वांत रुबाबदार थांबा म्हणजे मुख्यमंत्री फेलोशिप. ती 2015 मध्ये सुरू झाली. वय 21 ते 26, पदवी प्रथम वर्गात, वर्षभराचा अनुभव, मग परीक्षा, निबंध, मुलाखत, आणि या चाळणीतून उरणार 60 जण. अलीकडे मानधन आणि प्रवासखर्च मिळून महिना 61,500 रुपये, जोडीला आयआयटी मुंबईचं प्रमाणपत्र आणि गट-अ अधिकाऱ्याच्या तोडीचा दर्जा. दर्जाच बरं का, सहीचा अधिकार नव्हे.

सरकार बदललं आणि 2020 मध्ये ही फेलोशिप बंद झाली. सरकार पुन्हा बदललं आणि 2023 मध्ये ती सुरू झाली. धोरण म्हणजे काय, ते कशाने जन्मतं आणि कशाने मरतं, याचा इतका स्वच्छ पाठ कुठल्याही अभ्यासक्रमात सापडणार नाही. आणि तो शासनाने विनाशुल्क दिला.

आत शिरल्यावर पहिले काही महिने एक्सेलमध्ये जातात. वर्गात ‘डेटा’ शिकवताना कुणी सांगितलेलं नसतं, की तालुक्यातून आलेल्या एका तक्त्यात गावाच्या नावापुढे ‘बुद्रुक’ असतं, दुसऱ्यात ‘बु.’ आणि तिसऱ्यात ‘बु॥’. संगणकाच्या लेखी ही तीन गावं. मग एका गावात विहिरी, दुसऱ्यात लाभार्थी आणि तिसऱ्यात खर्च असं सुरेख चित्र डॅशबोर्डावर उमटतं. रंगीत असल्यामुळे बैठकीत ते सर्वांना आवडतं. या तीन गावांचं एक गाव करणं, ही उच्चशिक्षित तरुणाची प्रशासनाला पहिली देणगी. ती कुठल्याच अहवालात नोंदली जात नाही.

दुसरी देणगी प्रस्तावनेची. शासन निर्णय उघडला की आधी ‘वाचा’ येतं, मग ‘प्रस्तावना’, मग खुद्द ‘शासन निर्णय’. वाचणाऱ्याला वाटतं, घडलंही याच क्रमाने असेल. प्रत्यक्षात निर्णय पुष्कळदा आधी ठरतो आणि कारणं मागाहून गोळा होतात. लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला बसावं तशी. गुण मात्र जुळवून द्यायचे असतात विश्लेषकाने, उद्या सकाळी दहापर्यंत. कधी टिपणी खरोखरच अभ्यासून लिहिलेली असते. ती वर जाते आणि समासात ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन खाली येते. कुणी, कुणाशी, कधी? हे विचारायला जावं तोवर साहेबांची बदली झालेली असते.

दिल्लीत प्रकार वेगळा, ताट तेच. पीआरएस ही संस्था 2010 पासून ‘लॅम्प’ फेलोशिप चालवते. एका खासदाराच्या दिमतीला एक पदवीधर. प्रश्न काढायचे, भाषणाचे मुद्दे द्यायचे, जमल्यास खासगी विधेयकाचा मसुदा करायचा. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त 14 विधेयकं संमत झाली आणि शेवटचं 1970 मध्ये. तरीही मसुदा नेटाने लिहिला जातो, कलमं-पोटकलमांवर रात्री जागवल्या जातात आणि विधेयक शुक्रवारी दुपारी सभागृहात येतं, जेव्हा निम्मे सदस्य मतदारसंघाच्या विमानात असतात. आलं, तर खासदारांच्या नावाने येतं.

नाव न लागण्याची ही परंपरा पुण्याने घालून दिलेली आहे. 26 मार्च 1902 रोजी कलकत्त्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी अर्थसंकल्पावरचं आपलं गाजलेलं भाषण केलं: तिजोरीतली शिल्लक ही देशाच्या भरभराटीची खूण नाही, रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर उकळल्याची आहे. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. गोखल्यांना आकडे पुरवत होते गणेश व्यंकटेश जोशी, पेशाने सरकारी शाळेतले हेडमास्तर. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात त्यांनी लिहिलं, तेही बिननावाने. त्यात सभेचे संस्थापक सार्वजनिक काकाही ग. वा. जोशी, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरं दोघांची एकच! उरलंसुरलं श्रेयही मग काकांच्या खात्यावर जमा व्हायची भीती. पण जोशींकडे एक चैन होती, जी आजच्या फेलोला परवडत नाही: त्यांचे आकडे सरकारच्या विरोधात जाऊ शकत होते.

जोशींप्रमाणेच रोजगार हमीचे जनक वि. स. पागे यांच्याकडेही डॅशबोर्ड नव्हता. त्यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात काम मागेल त्याला काम देऊन पाहिलं. त्यातून वाढत गेलेल्या रोजगार हमीचा राज्यात 1977 मध्ये कायदा झाला. 2005 मध्ये देशाने तशीच हमी दिली. राज्यातल्या हमीच्या खर्चासाठी नोकरदार-व्यावसायिकांवर 1975 मध्येच व्यवसाय कर बसवण्यात आला होता. दुष्काळात खडी फोडणाऱ्याची मजुरी मुंबईच्या पगारदाराने भरायची, असा तो सरळ हिशेब होता.

फेलोशिपचं वर्ष संपतं. पदवीधर मुंबईतल्या एखाद्या सल्लागार कंपनीत लागतो आणि जिथे फेलो होता त्याच खात्याला तोच तक्ता नव्या रंगात, जीएसटी लावून विकतो. पगार तिप्पट. फेब्रुवारीची पावती येते तेव्हा व्यवसाय करापोटी नेहमीच्या 200 ऐवजी 300 रुपये कापलेले दिसतात. पब्लिक पॉलिसीतला हा तज्ज्ञ तातडीने एचआरला मेल टाकतो, की ही कसली कपात? उत्तर एका ओळीत येतं: आमच्या हातात काही नाही, गव्हर्न्मेंट पॉलिसी आहे.