पायऱ्या उतरून देव

आपले बहुतेक देव उंचावर राहतात. जोतिबा डोंगरावर, खंडोबा गडावर आणि सप्तशृंगी तर कड्यात. घाम आणि धाप यांचा नैवेद्य झाल्याशिवाय दर्शन नाही. नृसिंहवाडीच्या दत्ताचा कारभार उलटा आहे. इथे गावातून पायऱ्या उतरत खाली घाटावर जायचं, कृष्णेच्या पाण्याला जवळजवळ टेकलेल्या देवळात. जाताना वाटतं, किती सोय केली आहे देवाने! परतताना त्याच पायऱ्या चढाव्या लागतात, तेव्हा गुडघ्यांना सोयीचा खरा अर्थ कळतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात पंचगंगा येऊन कृष्णेला मिळते, त्या संगमावर ही वाडी. कागदोपत्री नृसिंहवाडी, भक्तांच्या तोंडी नरसोबाची वाडी आणि सांगली-कोल्हापूरकडच्या माणसांना नुसतीच ‘वाडी’. “उद्या वाडीला जाऊन येतो,” म्हटलं की “कुठल्या?” असं तिकडे कुणी विचारत नाही.

गावात शिरताना पहिली परीक्षा होते ती दुकानांच्या रांगेत. दोन्ही बाजूंनी हाका येतात, “या दादा, चप्पल हितंच सोडा की! पैसे न्हाईत त्याचे.” पैसे नाहीत हे खरं असतं. फक्त चप्पल ठेवून वळलं, की हातात नारळ, फुलं आणि पेढ्यांच्या पुड्याचं ताट आलेलं असतं. नको म्हणावं तर आपली चप्पल त्यांच्या ताब्यात. इतक्या गोड आवाजातलं ओलीस प्रकरण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

सांगलीची माझी मावशी पौर्णिमेची वारी करते. दर पौर्णिमेला वाडी, मग पाऊस असो की पाहुणे. तिने चपलांचा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. तिच्याकडे ‘वाडीच्या चपला’ म्हणून एक स्वतंत्र जोड आहे. अंगठा तुटून शिवलेला, टाच झिजून पार पापड झालेली. एरवी ती त्या घालून अंगणातही जात नाही. “अगं मावशी, त्या नेणार कोण?” म्हटलं, तर म्हणाली, “म्हणून तर मला दर्शनात लक्ष लागतं. तू घातलेस ना नवीन बूट? मग तू बूटच बघ आता, मी दत्त बघते.”

तिचं म्हणणं खाली पोचल्यावर पटतं. कारण इथे गाभाऱ्यात दर्शन घ्यायचं ते पादुकांचं. दत्तावतार मानले गेलेले नृसिंह सरस्वती इथे बारा वर्षं राहिले आणि मग गाणगापूरला निघाले. गुरुचरित्रातली कथा सांगते, की इथल्या योगिनींनी त्यांना अडवलं, तेव्हा ते आपल्या पादुका ठेवून गेले. औदुंबरच्या त्या विमल पादुका, गाणगापूरच्या निर्गुण पादुका आणि वाडीच्या मनोहर पादुका. म्हणजे अख्खं गाव उभं आहे ते निघून गेलेल्या एका माणसाच्या पाऊलखुणांभोवती. त्या पावलांपुढे डोकं टेकवायला आपण शेकडो मैलांवरून येतो आणि टेकवताना आपलं मन वर चौथ्या की पाचव्या दुकानात ठेवलेल्या स्वतःच्या पायताणापाशी घुटमळत असतं. ज्याने बारा वर्षांचं बस्तान एका दिवसात मागे टाकलं त्याच्यासमोर, ज्याला अर्धा तास बूट सोडवत नाहीत तो उभा. दत्त महाराज तीन तोंडांनी हसत असतील.

घाटावर खरी निवांत दिसतात ती कुत्री. दत्ताच्या चित्रात पायाशी चार कुत्री असतात, त्यामुळे दत्ताच्या गावात कुत्र्याला हड्‌ म्हणायची सोय नाही. ऐन वाटेत ती पसरलेली असतात आणि सोवळ्यातला माणूससुद्धा त्यांना वळसा घालून जातो. पेढा त्यांना मागावा लागत नाही. माझ्यासमोर एका कुत्र्याने पेढा नुसता हुंगला आणि मान फिरवली. खव्याची पारख त्या गावात सगळ्यांनाच आहे.

पण वाडीचा सगळ्यात मोठा भक्त कोण, हे पावसाळ्यात कळतं. एरवी आपण नदीकडे जातो, आंघोळ करतो आणि मग देवाकडे. वाडीत पावसाळ्यात नदीच उठून देवाकडे येते. कृष्णा फुगते, पायऱ्या एकेक करून गिळते, उत्तरेच्या दाराने देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या दारातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्नान करायला माणसं रात्री-अपरात्री धावतात. पाणी वाढताना घडला तर चढता दक्षिणद्वार, ओसरताना घडला तर उतरता. रांग नाही, पास नाही, मधे पुजारी नाही. नदीइतकं थेट दर्शन कुणालाच मिळत नाही.

त्या दिवसांत मावशीचे फोन हवामान खात्यासारखे येतात. “कोयनेतून पाणी सोडलंय रे. राजाराम बंधाऱ्याला एकोणचाळीस फूट झालं म्हणे. आज रात्री दक्षिणद्वार होणार बघ.” कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. हे आकडे तिकडच्या पोराबाळांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. चहाच्या टपरीवर अलमट्टीचे दरवाजे किती उघडले पाहिजेत यावर मतं पडतात. एकोणचाळिसाला आवाजात उत्सव असतो. त्रेचाळिसाला तो गळून पडतो, आणि फोनवर नुसतं “बघू, दत्त आहे” एवढंच उरतं.

कारण नदीला दर्शन झाल्यावर घरी जायचं भान राहतंच असं नाही. २००५, २०१९ आणि २०२१ साली ती देवळात थांबली नाही, गावांत शिरली. २०१९ मध्ये तर शिरोळ तालुक्यात माणसांना आणि जनावरांना घेऊन घरं सोडायची वेळ आली. गुरुचरित्रात याच परिसरातली एक गोष्ट आहे. एका गरीब ब्राह्मणाच्या घरी स्वामी भिक्षेला जातात. घरात फक्त दारच्या वेलाच्या घेवड्याच्या शेंगा. त्या खाऊन निघताना स्वामी तो वेलच उपटतात. घरची बाई आकांत करते. ब्राह्मण मूळ खणायला जातो, तर खाली द्रव्याने भरलेला घडा. दत्ताला घेवड्याची भाजी प्रिय, ती या गोष्टीपासून. मावशीला ही गोष्ट तोंडपाठ आहे. पण २०१९ चा पूर ओसरल्यावर ती एकदाच म्हणाली, “वेल सगळ्यांचे उपटले रे, घडा कुणालाच नाही सापडला.” आणि पुढच्या पौर्णिमेला पुन्हा वाडीला गेली.

हे मला बरेच दिवस उमगत नव्हतं. रागवावं की नाही माणसाने? मग लक्षात आलं, की पाणी वाढलं की तिथे देवसुद्धा घर बदलतो. उत्सवमूर्ती उचलून वर नारायण स्वामींच्या देवळात नेतात. पादुका मात्र खालीच राहतात, पाण्याखाली. पूजा वर चालू, पाणी ओसरलं की गाळ काढायचा, धुऊन घ्यायचं, पुन्हा खाली. बाजूच्या घरातही तेच चाललेलं असतं. भांडीकुंडी माळ्यावर, म्हातारी माणसं पाहुण्यांकडे, भिंती जिथल्या तिथे. ज्याच्या नशिबी आपल्यासारखंच सामान हलवणं आहे त्या देवावर रागवायचं तरी कसं? तो वरून बघणारा नाही, शेजारी राहणारा आहे.

आणि त्याच नदीकाठची वांगी, त्याच काठच्या गवतावर पोसलेल्या म्हशींच्या दुधाची बासुंदी! दर्शनानंतर मावशी ठरलेल्या क्रमाने जाते. आधी बासुंदी, मग कवठाची बर्फी घरी न्यायला, मग पेढे शेजाऱ्यांना वाटायला. कवठासारख्या आंबट, टणक फळाची बर्फी करायचं ज्याला पहिल्यांदा सुचलं, तो आशावादी माणूस याच गावचा असणार.

गुरू कन्या राशीत आला, की वाडीत कन्यागत पर्वकाळ येतो. बारा वर्षांनी एकदा, तेव्हा गंगा कृष्णेला भेटायला येते अशी श्रद्धा. मागचा २०१६ साली झाला, पुढचा २०२८ मध्ये. मावशीने मला रजा आत्तापासूनच टाकून ठेवायला सांगितली आहे.

“अगं, साहेब विचारतील, एवढ्या आधी कशाला? काय सांगू?”

“सांग, गंगेने तारीख दिलीय,” मावशी म्हणाली. “आणि त्यांना म्हणावं, तुम्ही येणार असाल तर जुनी चप्पल घालून या.”