दिवस एक, रात्री दोन

जालना जिल्ह्यात कुठंही उभं राहून कुठल्याही दिशेनं चालायला लागा, समुद्र लवकर लागत नाही. मोसंबीच्या बागा लागतात, कपाशी लागते, जिनिंग लागतं, लोखंडी सळ्यांचे कारखाने लागतात. तरीही आठही तालुक्यांत, जवळपास प्रत्येक गल्लीत, असा एक माणूस असतोच की ज्याच्या मते समुद्र आपल्यापासून फक्त एका दिवसावर आहे. अंबडला तो आबा असेल, परतूरला भाऊ, भोकरदनला अण्णा. आमच्या गल्लीत तो नाना आहे.

नानांचं मोंढ्यात बी-बियाण्याचं दुकान. जून-जुलैत त्यांना घास गिळायला फुरसत नसते. दिवाळीनंतर शेतकऱ्याच्या हातात कापसाचे पैसे येतात, जानेवारीपर्यंत उधारी थोडीफार वसूल होते आणि मग नानांच्या डोक्यात कोकण शिरतं. संध्याकाळी ओट्यावर चार माणसं जमलेली पाहून ते जाहीर करतात, "औंदा दापोली करून टाकू. एका दिवसात."

जालना ते दापोली, नगर-पुणे-ताम्हिणी या वाटेनं, पावणेपाचशे किलोमीटरच्या पुढं. जाऊन-येऊन हजाराला टेकतं. एवढं अंतर एका दिवसात कसं, असं कुणी विचारलं की नानांना त्या माणसाची कीव येते. "शनिवारी रात्री आठला निघायचं. रविवारी सकाळी दापोली. दुपारी दोनला परतीला लागायचं. सोमवारी पहाटे घर, नवाला दुकानाचं शटर वर. दिवस किती गेला? एक. रात्रीचं काय घेऊन बसलात, ती घरीसुद्धा झोपण्यातच जाते." या हिशेबात चूक आहे हे सगळ्यांना कळतं. ती नेमकी कुठं आहे हे सांगेपर्यंत नानांनी दुसऱ्याचं नाव वहीत लिहिलेलं असतं.

मुक्काम हा नानांचा एक नंबरचा शत्रू. आणि खरं सांगायचं तर त्यात नानांचा एकट्याचा दोष नाही. दोन दिवस घर सोडायचं म्हणजे आमच्याकडे प्रत्येकाला काहीतरी आडवं येतं. कुणाच्या म्हशी, कुणाचं दुकान, कुणाचा शेतातल्या मोटारीला रात्रीची लाईट मिळण्याचा आठवडा. सगळ्यांत वर नळ. जालन्याच्या नळाला पाणी रोज येत नाही आणि येतं त्या दिवशी घरात माणूस लागतंच. आमच्याकडे लग्नाची तारीख भटजी पंचांग पाहून काढतात, सहलीची तारीख नळ काढतो.

टूरवाल्या कंपन्या नानांना पटत नाहीत. "ते दोन मुक्काम लावतात, निम्मा दिवस नाश्त्याला बसवतात आणि वर आपल्यालाच शिट्टी मारून बोलावतात. आपली गाडी म्हणजे आपली." रेल्वेचं नाव काढायची सोय नाही, कारण दापोलीला रेल्वेच नाही. सर्वांत जवळचं स्टेशन खेड. २०२३ सालच्या डिसेंबरात जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली तेव्हा गल्लीतल्या गुरुजींनी, म्हणजे आमच्या निवृत्त शिक्षकांनी, मुंबईमार्गे जायचं सुचवून पाहिलं. नाना म्हणाले, "त्या गाडीत धपाट्याचा डबा उघडता येईल का? नाही ना? मग?"

गाडी ठरवणं हा सहलीचा पहिला अंक, आणि बघ्यांची गर्दी त्यालाच सर्वांत जास्त. गाडीवाल्यांचा रिवाज ठरलेला आहे: दिवसाला किमान तीनशे किलोमीटर, दिवस रात्री बाराला बदलतो, टोल-पार्किंग वेगळं, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. त्या रिवाजाप्रमाणे नानांची एका दिवसाची सहल तीन दिवसांची ठरते. इथं नानांच्या तत्त्वज्ञानावरच घाला येतो. "शनिवारचे चार तास म्हणजे काय दिवस झाला का हो?" तासभर आवाज चढतात, चहा होतो, गाडीवाला उठून जायचं नाटक करतो, नाना त्याला जाऊ द्यायचं नाटक करतात. शेवटी दिवसांचं नाव काढायचं नाही, फक्त पळालेल्या किलोमीटरचे पैसे द्यायचे, असं ठरतं. नाना विजयी मुद्रेनं ओट्यावर येतात. गाडीवाला हरल्यासारखा चेहरा करून निघून जातो. तीन दिवसांचे किमान नऊशे किलोमीटर होतात आणि नाना पळवणार हजार, हे त्याला पहिल्या मिनिटापासून माहीत असतं.

सतरा सीटच्या गाडीत नानांना सतरा माणसं कधीच दिसत नाहीत. आठवीपर्यंतची पोरं ते मांडीवरची धरतात. मग आग्रह सुरू होतो. नाना कुणाला "येता का?" असं विचारत नाहीत. "तुमची सीट मागं चालेल की मधली?" असं विचारतात. आमचे गुरुजी दर वर्षी नाही म्हणायचं ठरवतात. त्यांच्यासाठी नानांनी खास दाखला ठेवलेला आहे. "गुरुजी, समर्थ रामदास कुठले? आपल्या जांबचे. दासबोध कुठं सांगितला? महाडजवळ शिवथरघळीत. चारशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्याचा माणूस पायी कोकणात गेला आणि तुम्हाला गाडीत बसायला जिवावर येतं?" गुरुजी म्हणतात, "नाना, समर्थांना सोमवारी नवाला परत यायचं नव्हतं." पण हे बोलेपर्यंत त्यांची सीट ठरलेली असते.

गल्लीतल्या मोठ्या काकूंनी यंदापर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांची वर्गणी नानांनी वहीत लिहिलीच नाही. कुणी विचारलं तर म्हणाले, "काकूंचं वजन ते किती!"

गाडी शनिवारी रात्री आठला निघायची असते म्हणजे साडेनऊला निघते. दशम्या, धपाटे आणि ठेच्याचा डबा नगरला उघडायचा असं ठरलेलं असतं. तो बदनापूरला उघडतो. नाना ड्रायव्हरशेजारी बसतात, कारण त्याला बोलतं ठेवणं ही जबाबदारी ते दुसऱ्या कुणावर टाकत नाहीत. बोलतात मात्र नानाच. रांजणगाव येईपर्यंत त्या पोराला नानांच्या भावकीतले सगळे गट नंबर पाठ झालेले असतात आणि बांध कुणी कोरला यावर त्याचं स्वतःचं मतही तयार झालेलं असतं. पहाटे ताम्हिणीत मागच्या सीटवरून उलट्यांची वार्ता येते. त्यावर नानांकडे एकच औषध, मोसंबी. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे हे सांगितल्याशिवाय ते फोड हातावर ठेवत नाहीत. पोरगं खिडकीबाहेर डोकं काढून ऐकतं.

माणगावानंतर आंबेतला सावित्रीचा पूल लागला की काकू विचारतात, "आला का रे समुद्र?" ही खाडी आहे, असं नाना सांगतात. पुढं मंडणगडपर्यंत प्रत्येक ओढ्याला काकू तेच विचारतात.

दापोलीच्या वेशीवर गुरुजींनी मोबाईल काढला. दापोली समुद्रसपाटीपासून साधारण आठशे फूट. जालना सोळाशेच्या वर. "म्हणजे नाना, थंड हवेच्या डोंगरावर यायला आपण रात्रभर उतरत आलो?"

"घाट लागला का नाही?"

"लागला."

"मग झालं."

दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणतात आणि इंग्रजांच्या फौजेची इथं छावणी होती म्हणून जुनी माणसं कॅम्प दापोली म्हणतात, हे गुरुजींनी सांगितलं. "छावणी तर जालन्यातही होती," नाना म्हणाले. "मग आपल्याला कुणी मिनी काही का म्हणत नाही?"

नानांच्या खिशात कार्यक्रमाचा कागद असतो. मुरूड, कर्दे, हर्णै, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, आसूदचा केशवराज, जेवण, निघणे. सुवर्णदुर्गापुढं कंसात 'किनाऱ्यावरून' असं लिहिलेलं होतं. केशवराजला पोफळींच्या वाडीतून खाली उतरायचं, ओढा ओलांडायचा आणि पायऱ्या चढायच्या, हे कळल्यावर नानांनी तोडगा काढला की एक जण जाईल आणि सगळ्यांच्या वतीनं दर्शन घेऊन येईल. साने गुरुजींचा जन्म याच तालुक्यातला, पालगडचा; १८९९ सालचा. आमच्या गुरुजींना तिथं जायचं होतं. नानांनी घड्याळ पाहिलं आणि गाडीतूनच त्या दिशेला हात जोडायला लावले. गुरुजींनी हात जोडले, पण नानांकडे पाहून.

कर्द्याच्या किनाऱ्याला नानांनी साडेनऊ ते सव्वादहा अशी वेळ दिली होती. आम्ही वेळेवर पोचलो. समुद्र पोचला नव्हता. लांबच लांब ओली वाळू आणि तिच्या पलीकडं, पार तिकडं, पांढरी रेघ. नाना चहावाल्याकडे गेले.

"पाणी कधी येतं हो?"

"ओहोटी आहे आता. तीन-सव्वातीनला भरेल."

"रोज येतं का?"

"दिवसातून दोनदा."

आमच्या गाडीतल्या बायकांमध्ये एकदम शांतता पसरली. दिवसातून दोनदा! तीही कुणी मागणी न करता. "आणि वेळ हीच असते का?" एकीनं विचारलं. वेळ रोज पाऊणएक तास पुढं सरकते, असं चहावाल्यानं सांगितल्यावर मात्र सगळ्यांना हायसं वाटलं. एवढं तरी ओळखीचं निघालं.

काकू त्या रेघेपर्यंत चालत गेल्या. गोदावरीला वाहतात तसं त्यांनी हळद-कुंकू वाहिलं, नाणं सोडलं आणि तळहातावर पाणी घेऊन चाखलं. "खारट आहे रे, नाना," त्या म्हणाल्या, जणू नानांना हे बघून द्यायला हवं होतं. तेवढ्यात सव्वादहा वाजले. नानांनी शिट्टी मारली.

नाना स्वतः समुद्राकडे आमच्यासारखं पाहत नाहीत. ते त्याच्याकडे पाटबंधाऱ्याच्या नजरेनं पाहतात. जालना जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. दापोलीत साडेतीन हजारांच्या घरात. पाचपट! आणि तो सगळा पडून काही तासांत समुद्रात. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्याकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, टँकरनं जगवता जगवता माणसं थकली आणि बारा-बारा वर्षांची झाडं सरपणाला गेली. त्या साली नानांच्या वहीतली उधारी वसूल झाली नाही आणि नानांनी ती मागितलीही नाही. परभणीचं कृषी विद्यापीठ आणि दापोलीचं कृषी विद्यापीठ, दोन्ही १९७२ सालची, हे त्यांना धंद्यामुळं ठाऊक आहे. "जुळे भाऊ बघा गुरुजी. एकाच्या वाट्याला पाऊस आला, दुसऱ्याच्या वाट्याला आम्ही." मग समुद्राकडे हात करून ते म्हणाले, "यातलं थोडं आपल्या घाणेवाडीच्या तलावात सोडलं तर काय बिघडतंय?"

"नाना, हे खारं आहे."

"माहीत आहे. पण डोंगरावर पडताना गोडच असतं ना?"

गुरुजींना यावर उत्तर सुचलं नाही. पश्चिमेकडं वाहून जाणारं पाणी मराठवाड्याकडं वळवायच्या योजना सरकारदरबारीही आहेतच. फरक एवढाच की नानांची योजना सव्वादहाच्या आत तयार होती.

जेवण एका घरगुती खानावळीत. मासे खाणारे डावीकडं, न खाणारे उजवीकडं आणि घरी सांगणार नाही अशा बोलीवर खाणारे मधे. सोलकढी पाहून एकानं ताकात कुंकू पडलंय म्हणून वाटी परत पाठवली. तांदळाच्या भाकरीकडे पाहून नाना म्हणाले, "दिसायला चांगली आहे, पण जोर येणार नाही." कालवणाला तिखट कमी म्हणून त्यांनी पिशवीतला ठेचा काढला आणि पाहुणचाराची परतफेड म्हणून खानावळीच्या वहिनींनाही बोटभर दिला. वहिनींनी पाणी मागितलं, मग साखर, मग आतल्या माणसाला हाक. जाताना नानांच्या हाताला एक मोदक जास्तीचा लागला, तो कौतुकानं दिला की भीतीनं हे कळलं नाही.

परतीच्या वाटेवर, घड्याळाची एवढी बूज राखणारे नाना रोपवाटिकेत पाऊण तास रमले. हापूसची कलमं घेतली. काळ्या मातीत, जालन्याच्या उन्हात, हापूसचं काय होतं हे बियाणंवाल्या नानांपेक्षा चांगलं कोण सांगणार? आधी आणलेल्या कलमांतलं एकही जगलेलं नाही. "या वेळची जात वेगळी आहे," ते म्हणाले आणि ज्यांच्या मांडीवर आठवीपर्यंतचं पोरगं नव्हतं त्यांच्या मांडीवर एकेक कलम दिलं. पुण्यापर्यंत ती सगळी मंडळी पानांच्या आडून एकमेकांशी बोलत होती. पुण्यानंतर कुणीच बोलत नव्हतं. ड्रायव्हर जागा होता, कारण शिरूरजवळ नाना बोलता बोलता त्याच्या खांद्यावर झोपले आणि खांदा हलवायची त्याची हिंमत झाली नाही.

सोमवारी नवाला शटर वर. डोळे लाल, पण शटर वर. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दापोली सांगितली जाते आणि संध्याकाळपर्यंत त्या हकिकतीत समुद्राला भरती आलेली असते. मंगळवारी गुडघ्यापर्यंत पाणी असतं, शुक्रवारपर्यंत नानांनी दोन पोरांना हात धरून बाहेर काढलेलं असतं.

मग एका संध्याकाळी ओट्यावर हिशेबाची वही निघते. गाडी, टोल, चहा, जेवण, चप्पल वाहून गेली तिची भरपाई. नाना पैशाला चोख. वर्गणीतून प्रत्येकाचे काही रुपये नेमाने शिल्लक निघतात. एवढीशी रक्कम कुणाच्या हातावर काय ठेवायची, म्हणून ते ती पुढच्या सहलीत जमा धरतात. त्यामुळं पुढची सहल कुठं हे ठरण्याआधीच आपण तिचे पैसे भरलेले असतात, आणि पैसे भरलेल्या गाडीला जालन्याचा माणूस नाही म्हणत नाही. यंदा गुरुजींनी धीर करून आपली शिल्लक परत मागितली. नानांनी चष्मा लावला, वहीचं कोरं पान उघडलं आणि पहिल्या ओळीत लिहिलं: गुरुजी, खिडकीची सीट, ॲडव्हान्स जमा.