संत्र्याचं लाटणं

संत्र्याच्या लाकडाचं लाटणं असेल तर पोळीला मंद सुगंध येतो, ही माहिती मी आमच्या सोसायटीत बऱ्याच जणांना दिली होती. ती मला कुणी दिली, हे विचारण्याचा आगाऊपणा फक्त बायकोनं केला.

वरुडचे मामा डिंक्या रोगानं वाळलेली झाडं काढताहेत, हे कळताच मी पुण्याहून निघालो. बागेत पोचल्यावर पहिला तुकडा नाकाशी धरला, डोळे मिटले. वास मातीचा आला. "लाकडाले कायचा वास येईन, बाप्पा?" मामा म्हणाले. संत्र्याचं सुगंधी तेल साठतं ते सालीतल्या आणि पानांतल्या बारीक पिशव्यांत. लाकडाच्या वाट्याला येतो तो कठीणपणा. फिकट पिवळं, जड, बारीक पोताचं हे लाकूड मामा विळ्याच्या मुठीला वापरतात.

मी बुंध्याचा सगळ्यात जाड ओंडका उचलला. "उभा चीर, टोकांले मेण लाव, अन् सावलीत ठेव," मामांनी बजावलं. इतकी खटपट खेड्यातल्या लोकांना परवडते. मी ओंडका थेट गॅलरीत, कडक उन्हात ठेवला. वाळताना लाकूड वलयांच्या दिशेनं जास्त आकसतं, गाभ्याकडे कमी. टोकांतून तर पाणी भराभर उडतं. या ओढाताणीत अखंड ओंडका तडकतो. एका मध्यरात्री 'ठाप' असा आवाज झाला आणि अंधारात बायको म्हणाली, "अहो, तुमचा सुगंध फुटला."

त्यातला बरा भाग घेऊन मी कातारी गाठला. त्यानं पटाशी लावली, थांबून धार केली, परत लावली, आणि धारेचे पैसे वेगळे सांगितले. लाकूड मात्र पॉलिशशिवाय असं गुळगुळीत झालं, की मला सोसायटीतले सगळे चेहरे दिसू लागले. तेवढ्यात त्यानं मधोमध बोट ठेवलं. "साहेब, इथं सांधा आहे. ही दोन झाडं आहेत का?"

दोनच होती. विदर्भात संत्र्याचा डोळा बहुधा जंभेरीच्या खुंटावर बांधतात. तो सांधा जमिनीपासून वीतभर वर राहतो आणि त्याखालचं सगळं खोड जंभेरीचं. मी हौसेनं निवडलेला ओंडका नेमका तिथलाच. आता आमच्या घरी अर्धी पोळी संत्र्यानं लाटली जाते, अर्धी जंभेरीनं, आणि तड्याची रेघ दोन्हींवर सारखी उमटते.

परदेशात नखांच्या कडेची कातडी मागे सारायला संत्र्याच्या लाकडाच्या काड्या वापरतात. मुलीनं संत्र्याच्या बाजूच्या ढलप्यांतून तशा काड्या घासून काढल्या. त्या तुटत नाहीत, टोकाला पिंजत नाहीत. तिच्या मैत्रिणींनी मागून नेल्या. लाटणं अजून कुणी मागितलेलं नाही.

मामांना फोनवर सगळं सांगितलं. बराच वेळ ते हसत होते. मग म्हणाले, "पुढच्या बारीले संत्रेच नेजो. ते तरी तुले सोलता येते."